रद्द म्हणजे उत्तर

कैरोत येऊन तीन-चार दिवस झाले होते. दोक्की भागातल्या आमच्या इमारतीचा जिना मी उतरत होते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होत्या. मला पाहून त्या थांबल्या, पिशव्या पायरीवर टेकवल्या आणि म्हणाल्या, "सबाह इल खेर." एवढं मला येत होतं. मीही हसून म्हटलं, "सबाह इल खेर." त्या हसल्या, पण पिशव्या उचलल्या नाहीत. किंचित थांबल्या आणि मग माझ्या वाट्याचं राहून गेलेलं पुरं करावं तसं हळूच म्हणाल्या, "सबाह इन नूर." मग पिशव्या उचलून दाराकडे वळल्या.

ते थांबणं माझ्या मनातून दिवसभर जाईना. संध्याकाळी शिकवणीत मी ते उस्ताझांना सांगितलं. शिक्षिकेला इथे उस्ताझा म्हणतात, आपल्या उस्तादांच्याच घराण्यातला शब्द. त्यांनी माझ्या पुढ्यातली वही मिटली.

"खेर म्हणजे भलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुला भली सकाळ दिली. तू तीच उचलून त्यांच्या हातात परत ठेवलीस. मग तू घेतलीस काय? तू त्यांना उजेडाची सकाळ द्यायचीस. नूर." आणि लगेच मला म्हणाल्या, "सबाह इल खेर. रुद्दी!"

रुद्दी. हा शब्द पुढे मी त्यांच्या तोंडून रोज ऐकला. रुद्दी म्हणजे उत्तर दे. मूळ शब्द रद्द. आपल्याकडे सभा रद्द होते, तिकीट रद्द होतं, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी होते. अरबीत या धातूचा अर्थ आहे परत फिरवणं. आपण तो शब्द घेतला तेव्हा परत फिरवलेली वस्तू बाद ठरली. अरबीत परत आलेला शब्द म्हणजे उत्तर. फोन उचलला नाही की मैत्रीण रागावून म्हणते, "मारद्देतीश", तू उत्तर दिलं नाहीस. कुराणाच्या चौथ्या सुरेत सांगितलं आहे की कोणी तुम्हाला अभिवादन केलं तर त्याहून चांगलं अभिवादन करा, निदान तेवढं तरी परत द्या. तिथे 'परत द्या' साठी याच धातूचं क्रियापद आहे. उस्ताझांनी ते मला म्हणून दाखवलं, आणि जिन्यावरच्या त्या बाई कशाची वाट पाहत होत्या ते मला नीट कळलं.

मग मी कान त्या दिशेने लावला. इथे बोलण्याची निम्मी वीण अशा जोड्यांची आहे. दारावरचे बव्वाब, म्हणजे इमारतीचे राखणदार, ज्यांना आम्ही सगळे अम्म म्हणजे काका म्हणतो, ते सकाळी नूरवर थांबत नाहीत. मी सबाह इन नूर म्हटलं की ते म्हणतात, "सबाह इल फुल्ल." फुल्ल म्हणजे मोगरा. मी चमेलीची सकाळ दिली, "सबाह इल यासमीन", की ते सायीची सकाळ देतात, "सबाह इल इश्ता". तोवर मी फाटकाबाहेर पोचलेली असते. (फुल्लमधला ल नीट दुहेरी म्हणावा लागतो. उ लांबवून एकेरी ल म्हटला तर 'फूल' होतं आणि त्याचा अर्थ इथे घेवड्याच्या जातीचे ते दाणे, जे शिजवून सकाळी खातात. आपल्या कानाला द्वित्वाची सवय असल्याने हे सोपं जातं. पत्ता आणि पता यांतला फरक ज्याला कळतो त्याला हमाम म्हणजे कबुतरं आणि हम्माम म्हणजे न्हाणीघर यांतलाही कळतो.)

केस कापून किंवा न्हाऊन बाहेर पडलं की कोणीतरी म्हणतं, "नईमन", सुख लाभो. त्यावर म्हणायचं, "अल्ला यिन्इम अलेकी", देव तुलाही ते देवो. प्रवासाहून आलेल्याला सुखरूप पोचल्याबद्दल "हम्दिल्ला अस्सलामा", आणि त्याने म्हणायचं "अल्ला यिसल्लिमिक". स्वयंपाक करणारीला म्हणायचं, "तिस्लम इदेकी", तुझे हात सलामत राहोत. या वाक्यांचं भाषांतर मी इथे देते आहे खरं, पण भाषांतरात त्यांचा जीव येत नाही. वाक्य हवेत लोंबकळू द्यायचं नाही, समोरच्याने टाकलेला दोर पकडायचा, हा त्यांचा जीव. मराठीत घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ते ज्या जागेतून येतं त्याच जागेतून हे येतं.

हे सगळं मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. इथे येण्याआधी वर्षभर मी अरबी शिकत होते. अठ्ठावीस अक्षरं, त्यांची सुरुवातीची, मधली आणि शेवटची रूपं, विभक्ती, द्विवचन. विमानतळावर 'वुसूल' अशी पाटी स्वतः वाचली तेव्हा डोळे भरून आले होते. वुसूल म्हणजे आगमन. आपल्याकडे येणं हाती आलं की वसूल होतं, इथे माणसं वसूल होतात. त्या आनंदात मी पहिल्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर पुस्तकातलं वाक्य म्हटलं, "उरीदु कूबन मिनश्शाय, मिन फद्लिक." टपरीवरचा पोरगा धडा म्हणायला उभं केल्यासारखा ताठ झाला आणि त्याने मला तितक्याच शुद्ध अरबीत, एकेक शब्द सुटा करत उत्तर दिलं. त्यात चेष्टा नव्हती, आदर होता. पण मी चहा मागितला नव्हता, मी त्याला शाळेत नेऊन बसवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी इथले सगळे म्हणतात तसं म्हणायला लागले: "आयझा शाय, लव समहत." तेव्हा तो नुसता "हाद़िर" म्हणाला आणि वळला. हाद़िर म्हणजे हजर. 'आत्ता आणतो' ला इथे हजर म्हणतात.

पुस्तकातली ती फुसहा, आणि लोकांच्या तोंडची ती आम्मिया. १९५९ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने अशा दुहेरी स्थितीला डायग्लॉसिया म्हटलं आणि चार उदाहरणं घेतली: अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधली जर्मन आणि हैतीतली क्रिओल. एक भाषा बातम्यांची, भाषणांची, छापील कागदाची. दुसरी आईची, बाजाराची, भांडणाची, अंगाईची. फुसहा कोणाचीच आईकडून आलेली भाषा नाही. ती सगळे शाळेत शिकतात. आणि आम्मिया मुलुखागणिक बदलते. 'आत्ता' ला फुसहात अल-आन. कैरोत दिलवअती, दमास्कसला हल्लअ, मोरोक्कोत दाबा. दिलवअतीच्या पोटात आपला वखत लपला आहे. कैरोकर काफ, म्हणजे पडजिभेजवळून येणारा क, गिळतात आणि त्याजागी घशात नुसता एक झटका देतात, म्हणून पटकन ओळखू येत नाही. पुस्तकातली कहवा कैरोत अहवा होते. आमचे बव्वाब वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तमधले, सईदी, ते गहवा म्हणतात. एकाच जिन्यात एका कॉफीची तीन नावं.

मी कैरोची बोली निवडली कारण मी कैरोत राहते. इतर कोणी विचारलं तरी मी तेच सांगेन, ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांची बोली शिका. कैरोच्या बोलीला एक जास्तीचा फायदा आहे. १९३४ मध्ये इथलं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं, १९५३ मध्ये 'सौत अल-अरब' (अरबांचा आवाज) ही रेडिओ सेवा, आणि इथले चित्रपट तर सगळ्या अरब जगाने पाहिले, त्यामुळे ही बोली न बोलणारेही ती समजतात.

पण एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. आम्मिया शिकते म्हटलं की इथलेच लोक, शिकलेसवरलेले, हात झटकतात. ती कसली भाषा, खरी अरबी शिक. एका प्रौढ गृहस्थांनी मला समजावलं, "मालहाश कवाइद." तिला नियम नाहीत. घरी येऊन मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि बघत बसले. ल-हा म्हणजे तिला. त्याच्या पुढे मा, मागे श. मध्ये धरून ठेवलेला शब्द नकारार्थी होतो. फहिम्त म्हणजे मला समजलं, माफहिम्तिश म्हणजे नाही समजलं. तो श म्हणजे झिजलेला 'शेअ', वस्तू. शोक, उशीर, सांडलेला चहा, सगळ्याला पुरणारा इथला 'मअलेश' तसाच घडला आहे, 'त्यावर काही नाही'. हा नियम फुसहात नाही, तो बोलीचा स्वतःचा आहे, आणि त्या गृहस्थांनी तिला नियम नाहीत हे सांगताना तो बिनचूक पाळला होता. आणखी एक. एरवी काफ गिळणाऱ्या त्यांनी 'कवाइद' मधला काफ मात्र पुरा उच्चारला, कारण तो शाळेतून आलेला शब्द आहे. कुठे गिळायचा आणि कुठे ठेवायचा हाही नियमच. कवाइद हे कायद्याचं अनेकवचन, आपल्याकडे तेच कवायत झालं. आम्मियाची कवायत पहाटेपासून रस्त्यावर चालू असते, नुसती कोणी शिट्टी वाजवत नाही.

आवाजांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि अजूनही घालवते. आपल्याकडे ह एक, त्यांच्याकडे दोन. जड ह कसा काढायचा ते उस्ताझांनी चष्म्याने शिकवलं. काच पुसण्याआधी आपण तोंडाने तिच्यावर वाफ सोडतो, तो आवाज. मी रोज रात्री काच धूसर करत बसायची, हब्बा, हगर, हिलव. मग त आणि ता. अंजीर म्हणजे 'तीन', चिखल म्हणजेही 'तीन', पण दुसरा त जाड. मी तो ट करायची, कारण मराठी जिभेला जाड म्हटलं की टाळूकडे वळायची सवय. उस्ताझा म्हणाल्या, "जीभ दातांवरच ठेव. त्या अक्षराकडे ऐकूच नकोस, शेजारच्या स्वराकडे ऐक. तो घशाकडे ओढला जातो का बघ." आठ-दहा दिवसांनी एका दुपारी खिडकीखालून जाणाऱ्या गाडीवाल्याच्या आरोळीत मला अंजिरांचा त ऐकू आला, पातळ, स्वच्छ. मी खाली जाऊन घेतले.

याच काळात मला माझ्या भाषेबद्दल काही कळलं जे एरवी कधी कळलं नसतं. वजन, मजकूर, हजर, नजर. आपल्याला या चारही शब्दांत एकच ज दिसतो. अरबीत ही चार निरनिराळी अक्षरं आहेत, चार निरनिराळ्या उच्चारांची, आणि हजरमधलं अक्षर तर असं की अरब आपल्या भाषेलाच त्या अक्षराची भाषा म्हणतात. फारसीतून येता येता ती चारही एकमेकांत विरघळली. अक्कल, अर्ज, इमारत, उमर यांच्या आरंभी घशाच्या तळातून येणारा ऐन होता, तो आपण पार पुसून टाकला. दरबारी कारभारातून आले हे शब्द. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, काही रुजलेही. पण हिशोब, खर्च, जमा, बाकी हे लोकांच्या जिभेवर बसले होते, ते उठले नाहीत. लोकांच्या जिभेवर बसलेलं सहसा उठत नाहीच.

ओळखीचे शब्द भेटतात ते नव्या घरात राहायला गेलेले असतात. गरीब म्हणजे परका. जवाब इथे गवाब होतो, कारण कैरोत ज चा ग, आणि त्याचा अर्थ टपालाने येणारं पत्र. मजबूत म्हणजे नेमकं, म्हणून बेताच्या साखरेची कॉफी मागायची तर 'अहवा मज़बूत'. आणि ऐश. हा शब्द मला अजून आत कुठेतरी लागतो. अरबी अर्थ जगणं. मराठीत ऐश म्हणजे चैन, उधळपट्टीच्या जवळची. इजिप्तमध्ये 'एश' म्हणजे भाकरी. दुसऱ्या अरब देशांत भाकरीला खुब्ज़ म्हणतात, इथे जगण्यालाच भाकरी म्हणतात. २०११ च्या जानेवारीत सरकारविरुद्धच्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी घोषणा दिली त्यात हा शब्द पहिला होता: एश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइय्या. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. सकाळी बेकरीपुढे रांगेत उभी राहून "एश बलदी" मागते तेव्हा मला दर वेळी वाटतं की हा शब्द आपण फार लवकर श्रीमंत करून टाकला.

आता बाकीबद्दल सांगते.

इथे मायक्रोबस असतात, जुन्या पांढऱ्या गाड्या, दार बऱ्याचदा उघडंच. रस्त्यात उभे राहिलेले लोक हाताच्या खुणांनी मार्ग विचारतात; पिरॅमिडच्या रस्त्याला बोटांचा त्रिकोण. आत बसलं की भाड्याचे पैसे मागच्या रांगेतून पुढे हातोहात जातात. तुम्ही पुढच्या माणसाच्या खांद्याला हलकेच स्पर्श करता, नोट देता, "वाहिद", एक. तो पुढच्याला देतो. सुटे पैसे तसेच उलटे येतात. पहिल्या काही दिवसांत पुढे बसलेली बाई मागे वळून माझ्या ओंजळीत नाणी ठेवायची आणि म्हणायची, मला ऐकू यायचं, "बाई." मला वाटायचं ही काहीतरी हाक आहे. पंधरा दिवसांनी आया-मुलींच्या गर्दीत, कोपराला कोपर लागलेलं असताना, तो शब्द पुन्हा आला, "इल बाअी", आणि मधला झटका मला पहिल्यांदा ऐकू आला. तिथे काफ होता. गिळलेला काफ मी मनात परत ठेवला. बाकी! ती मला माझी बाकी देत होती. वजाबाकीतली बाकी, जिच्यातला वजाही अरबीच. चौथीच्या पाटीवरचा शब्द चालत्या गाडीत, अनोळखी हातातून माझ्या हातात आला होता. उतरायची जागा आली तेव्हा "अला गम्ब यस्ता", बाजूला थांबवा, म्हणतानाही माझा आवाज कापत होता.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंची आई गेली. बव्वाबांनी सकाळी सांगितलं. मोगऱ्याची सकाळ त्या दिवशी कोणी कोणाला दिली नाही. मी उस्ताझांना फोन केला आणि विचारलं, काय म्हणायचं असतं?

"इल बइय्या फी हयातिक," त्या म्हणाल्या. "आणि त्या म्हणतील, हयातिक इल बअया. मग तू काही बोलू नकोस. शेजारी बस."

"अर्थ?"

"जे त्यांचं आयुष्य उरलं होतं, ते तुझ्या आयुष्यात जमा होवो."

मी फोन ठेवला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. बइय्या. तोच झटका, तोच गिळलेला काफ. बाकी. आणि हयात तर हयातच, हयातीच्या दाखल्यातली. मला नवा एकही शब्द शिकायचा नव्हता. मायक्रोबसमध्ये हातोहात येणारी बाकी आणि ही, दोन्ही एकाच मुळाच्या. फक्त इथे देणारा हात नव्हता, म्हणून मागे राहिलेले लोक एकमेकांच्या हातात ती ठेवत होते.

जिन्यावर मी वाक्य आठ-दहा वेळा म्हटलं. हयातमधला ह जड, काचेवरच्या वाफेचा. तो पातळ झालेला चालणार नव्हता, आज नाही.

दार उघडंच होतं. आत कुराणपठणाचं ध्वनिमुद्रण मंद आवाजात लागलेलं, भिंतीकडेने काळ्या कपड्यांतल्या बायका. शेजारीणबाई मधल्या कोचावर होत्या, चेहरा रडून रडून सुजलेला. मी वाकले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "इल बइय्या फी हयातिक."

या वेळी त्या थांबल्या नाहीत. "हयातिक इल बअया," त्या म्हणाल्या, आणि माझा हात न सोडता शेजारच्या बाईला थोडं सरकायला खुणावलं.

मी बसले. एका मुलीने कॉफी आणून दिली, अहवा सादा, साखर अजिबात नसलेली. अशा घरी तीच देतात. आम्ही कोणी बोललो नाही. घोट घोट कॉफी संपली. ती मुलगी कप घ्यायला वाकली, तेव्हा आमच्या नेहमीच्या सकाळच्या कॉफीनंतर म्हणतात तो शब्द सवयीने माझ्या जिभेवर आला, "दायमन", हे असंच नेहमी घडत राहो. मी तो जिभेवरच धरला आणि कप तिच्या हातात दिला.